हजार यार्डाला ३५ एक्स, एमओए आणि सेकंड फोकल प्लेन? नव्या माणसाला हे कोण शिकवतंय?

ओळंबा:
परवापासून एक पोस्ट फिरतेय. अमेरिकेत नव्याने लांब पल्ल्याच्या शूटिंगकडे वळणाऱ्या मराठी मंडळींना टॅक्टिकल स्कोप (रायफलवरची दुर्बीण) निवडण्याचा सल्ला. सल्ला काय, तर हजार यार्डाला ३५ एक्स (३५ पट मोठं चित्र) हवाच, अमेरिकेत यार्ड-इंच चालतात म्हणून मिलऐवजी एमओए (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग) घ्या, आणि सेकंड फोकल प्लेन घेतलं की पैसे वाचतात. खाली "खूप छान माहिती"ची रांग. ती बघून राहवलं नाही.

नवीन माणूस बहुधा पीआरएस (प्रिसिजन रायफल सिरीज) पद्धतीच्या मॅचला जाणार. एका स्टेजला ९० ते १२० सेकंद, त्यात आठ-दहा गोळ्या, तीन-चार अंतरं, आणि मधूनच बॅरिकेडवरची (रायफल टेकवायच्या अडथळ्यावरची) जागा बदलायची. ३५ एक्सवर फील्ड ऑफ व्ह्यू (काचेतून दिसणारा भाग) एवढं आक्रसतं की समोर दिसणारी लोखंडी प्लेट आपली की शेजारची, तेच कळत नाही. धक्क्याने चित्र उडतं आणि माती कुठे उडाली ते हुकतं. पुढच्या गोळीची दुरुस्ती तर त्या मातीवरूनच करायची असते! वर दुपारच्या उन्हात वीसच्या पुढे नुसतं मिराज (तापलेल्या हवेची थरथर) उकळताना दिसतं. १२ ते १८ एक्समध्ये काम भागतं. ५-२५ एक्सचा स्कोप घेतलात तरी वरचे आकडे बरेचदा पडूनच राहतील.

सेकंड फोकल प्लेनमध्ये चित्र लहान-मोठं केलं तरी रेटिकल, म्हणजे काचेतली खुणांची जाळी, तेवढीच दिसते, म्हणून तिच्या खुणा एकाच मॅग्निफिकेशनला खऱ्या, बहुधा सगळ्यात वरच्या. २५ ला १ मिल (एमओएसारखंच कोनाचं माप) दाखवणारी खूण साडेबाराला २ मिल असते. वाऱ्यासाठी १.२ मिल होल्ड करायचाय (नेम बाजूला धरायचाय), मॅग्निफिकेशनची रिंग १५ वर आहे आणि घड्याळ चालू आहे. त्रैराशिक मांडत बसणार का? फर्स्ट फोकल प्लेनमध्ये खुणा चित्राबरोबर लहान-मोठ्या होतात, म्हणून कुठेही खऱ्याच.

यार्डप्रेमी:
ती पोस्ट माझी. नाव घेऊन बोलला असतात तरी चाललं असतं. १ एमओए म्हणजे १०० यार्डाला एक इंच, हजारला दहा. पाचवीतल्या पोराला कळतं. मिल हे मीटरवाल्यांचं माप, रेंज इथे यार्डात. शिवाय टरेटची (नेम हलवणाऱ्या घुंडीची) पाव एमओएची क्लिक १०० यार्डाला ०.२६ इंच हलते, ०.१ मिलची ०.३६. बारीक कुठली ते तुम्हीच सांगा.

ओळंबा:
मिलचा मीटरशी काडीचा संबंध नाही. तो कोन आहे, रेडियनचा हजारावा भाग. हजार यार्डावर एक यार्ड, हजार मीटरवर एक मीटर, हजार हातांवर एक हात. आपण दशमान पद्धतीत शिकलो म्हणून "मि" दिसला की मिलिमीटर आठवतो.

आणि इंचात मोजायचंच कशाला? माती ०.४ मिल डावीकडे उडाली, रेटिकलवर ०.४ वाचलं, ०.४ दुरुस्त केलं. अंतर ५०० असो वा ९५०. तुमचा "एक इंच" खरा १.०४७ इंच आहे. हजार यार्डाला ३० एमओए म्हणजे ३०० नाही, ३१४ इंच. वीस इंची प्लेटच्या मध्यावर नेम धरलात आणि चौदा इंच चुकलात, तर गोळी प्लेटबाहेर.

तोफखाना:
रेडियनचा हजारावा भाग असं सरसकट ठोकून देऊ नका. देवळालीच्या तोफखाना शाळेत विचारा, तोफेच्या हिशोबात वर्तुळाचे ६४०० मिल असतात. रशियन पद्धतीत ६०००. तुमचे ६२८३ आणि काही. मिल एकच नाही.

ओळंबा:
रायफल स्कोपच्या टरेटवर मिलिरेडियनच असतो. कंपनी तो एमरॅड लिहो की मिल. तोफेचं इथे काय काम?

तोफखाना:
काम आहे. जुन्या कंपासवरून किंवा कुठल्याशा तक्त्यावरून ६४०० वाला मिल कुणी टरेटवर चढवला तर पावणेदोन टक्क्यांच्या वर फरक पडतो. नऊ मिल डायल करताना (टरेट फिरवून नेम हलवताना) तो साधारण ०.१६ मिल होतो, हजार यार्डाला सहा इंच. तुम्हीच वर चौदा इंचांवरून यार्डप्रेमींचे कान उपटलेत ना? मग सहा इंच का सोडता?

ओळंबा:
कारण बॅलिस्टिक ॲपमधून (गोळीचा मार्ग मोजणाऱ्या) होल्ड काढणारा माणूस तोफेचा तक्ता उघडत नाही! ठीक आहे, ६४०० वाला मिल वेगळा. नोंद केली. पुढे जाऊ या का?

तोफखाना:
"नोंद केली" म्हणजे मान्य केलं असं समजतो.

पीपसाइट:
काय राव, वर्तुळाचे तुकडे मोजताय. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ आणलं, ४५१.४ गुणांनी. रायफलवर स्कोप नव्हता. दोन-तीन हजार डॉलरची काच लावून तुम्ही लोखंडी प्लेट चुकवता.

ओळंबा:
आदर आहेच, पण तुलना चुकली. कुसाळेच्या ५० मीटर थ्री पोझिशनला अंतर ठरलेलं, रायफलवर भिंग चालत नाही, डायॉप्टरच (बारीक भोकातून बघायची पीप साइट) लावावा लागतो. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. ०.१ मिलची क्लिक तिथे ५ मिलिमीटर हलवते, म्हणजे दोन क्लिकमध्ये जवळपास अख्खं दहाचं वर्तुळ पार. त्या खेळाला हा स्कोप नको आणि या खेळाला पीप नको.

काचवाला:
इतकं रामायण झालं तरी काचेबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही. पुढच्या भिंगाचा व्यास ५६ मिलिमीटर, भागिले २५ एक्स म्हणजे २.२४ मिलिमीटरचा एक्झिट प्युपिल (डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी), ३५ ला तोच १.६. डोकं जरा हललं की चित्र काळं. हजार यार्डावर सुकलेल्या गवतात करड्या रंगाची प्लेट शोधायची तर कॉन्ट्रास्ट लागतो. टरेटच्या क्लिका मोजून प्लेट दिसत नाही.

बोल्ट_घट्ट:
काच चांगली आणि ट्रॅकिंग (टरेट फिरवली तेवढाच नेम हलणं) गंडलेलं, तर चुकलेली गोळी स्वच्छ दिसेल. तेवढाच फायदा.

आता ज्यावर कुणीच बोलत नाहीये ते. स्कोपची एकूण एलेव्हेशन (नेम वर-खाली नेण्याची हद्द) ३० मिल असेल तर सपाट बेसवर (स्कोप बसवायच्या पट्टीवर) वर जायला त्यातली निम्मी, १५ मिळते. ६.५ क्रीडमूर काडतूस, १४० ग्रेनची गोळी, सेकंदाला २७०० फूट वेग: हजार यार्डाला ९ मिलच्या आसपास वर जावं लागतं. भागलं. .३०८ मध्ये १७५ ग्रेन, २६०० फूट: १२ च्या आसपास, तेही भागलं. पण ३० मिमी नळीच्या एखाद्या स्कोपमध्ये एकूण २० च मिल असतात, म्हणजे वर १०, आणि .३०८ तिथेच अडकली. .२२ ला तर ५० यार्डाचा झिरो (टरेट शून्यावर असताना गोळी नेमावर लागते ते अंतर) धरून ३०० यार्डालाच १४ मिलच्या घरात लागतात. म्हणून २० एमओएचा उतरता बेस लावायचा, ५.८ मिल वाढतात. ३४ मिमी नळीचा खरा फायदा ही जास्तीची एलेव्हेशनच. जाड नळीतून उजेड जास्त येतो ही थाप आहे.

स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड, कंपनीने जो आकडा दिला असेल तो. टॉर्क रेंच नसेल तर आधी तो घ्या, स्कोप नंतर. त्या स्क्रूंवर लॉकटाइट (स्क्रू पक्का करणारा डिंक) ओतू नका. ओलं असताना ते वंगणासारखं वागतं, तेवढ्याच टॉर्कला स्क्रू जास्त ताणला जातो आणि नळी चिमटली जाते. पॅरालॅक्सची (अंतरानुसार चित्र जुळवायची) घुंडी अचानक जड झाली तर स्कोप परत पाठवण्याआधी रिंगा सैल करून बघा.

यार्डप्रेमी:
आणि पाणसळ टरेटच्या टोपीवर ठेवायची, झालं सरळ. यात एवढं काय?

बोल्ट_घट्ट:
टोपीवर नाही हो! टोपी रेटिकलला काटकोनात असेलच याची खात्री कोण देणार? २५ यार्डावर ओळंबा टांगा, रायफल पाणसळीत धरा, रेटिकलची उभी रेघ दोरीवर बसवा, मग स्क्रू आडवे-तिडवे थोडे थोडे आवळा. एक अंशाचा कल राहिला तर ९ मिल डायल केल्यावर हजार यार्डाला गोळी साडेपाच इंचांहून जास्त बाजूला जाते. माणूस वाऱ्याला शिव्या देत बसतो.

मग टॉल टार्गेट, म्हणजे उंच कागदावर टरेटची परीक्षा. १०० यार्ड टेपने मोजा, रेंजवरच्या पाटीवर जाऊ नका. अंतर एक टक्का चुकलं की निकालही एक टक्का चुकतो. चार फूट उंच कागद, त्यावर ओळंब्याने मारलेली उभी रेघ, खालच्या टोकाला नेम. पाच गोळ्या झिरोवर, मग १० मिल वर डायल करून त्याच खुणेवर पाच. दोन ग्रुपच्या (गोळ्यांच्या पुंजक्यांच्या) मध्यांत ३६ इंच हवेत. ३५.३ भरले तर स्कोप दोन टक्के कमी चालतोय. ॲपमध्ये ०.९८ टाका आणि पुढे चला. वरचा ग्रुप रेघेच्या बाजूला सरकला तर टरेट आणि रेटिकल एका रेषेत नाहीत. शेवटी टरेट खाली आणून पुन्हा पाच. हे पहिल्या पाचांत मिसळले नाहीत तर तो स्कोप परत करा, किंमत काहीही असो.

काचवाला:
वजन राहिलं. लिओपोल्ड मार्क ५एचडी ५-२५ साधारण ८५० ग्रॅम, व्होर्टेक्स रेझर जेन २ जवळपास १३७५. अर्ध्या किलोचा फरक खांद्यावर कळतो.

ओळंबा:
डोंगर चढून शिकार करणाऱ्याला कळेल. मॅचवाले स्टॉकमध्ये पोलादी वजनं भरतात, धक्का कमी व्हावा म्हणून. त्यांना ते अर्धा किलो फुकट मिळालं.

यार्डप्रेमी:
एक राहिलंच. मी एफ-क्लास शूट करतो. हजार यार्ड ठरलेले, झोपून, बाइपॉडवर, दर गोळीला पुरेसा वेळ. दहाची रिंग १० इंचांची, तिच्या आतली एक्स रिंग ५ इंचांची, सगळं टार्गेट एमओएत आखलेलं. तिथे ३५ काय, ५५ एक्स लावणारे आहेत, सेकंड फोकल प्लेन आणि पाव नाही तर अष्टमांश एमओएच्या क्लिका. फर्स्ट फोकल प्लेनचं रेटिकल वरच्या मॅग्निफिकेशनला इतकं जाडजूड होतं की एक्स रिंग झाकली जाते. हे चूक आहे का?

ओळंबा:
नाही. एफ-क्लाससाठी अक्षरशः बरोबर आहे. मग शीर्षकात "टॅक्टिकल" का लिहिलंत, महाराज?

यार्डप्रेमी:
कारण दुकानात काळा रंग आणि मोठी टरेट असलेल्या प्रत्येक स्कोपवर तेच लिहिलेलं असतं. बरं, शीर्षक बदलतो. एमओए मात्र सोडणार नाही.

बोल्ट_घट्ट:
नका सोडू. पण टरेट एमओए आणि रेटिकल मिल असला जुना तुकडा स्वस्तात मिळतो म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नका. आणि मॅचला आलात तर शेजारचा "वारा ०.८" म्हणेल तेव्हा मिलचं एमओए करायला ३.४४ ने गुणा.

तोफखाना:
६४०० वाला मिल असेल तर ३.३७५ ने.

ओळंबा:
धागा बंद करायची सोय आहे का इथे?