दोन चिंचिला एकाच पिंजऱ्यात ठेवण्याबाबत मदत हवी आहे

माझ्याकडे ४ वर्षांची एक चिंचिला (दाट, मऊ केसांचा, कुरतडणारा छोटा पाळीव प्राणी) मादी आहे. तिला सोबत म्हणून नुकतीच दुसरी, साधारण ६ महिन्यांची चिंचिला आणली असून तीही मादीच असल्याचे देणाऱ्याने सांगितले आहे. हे प्राणी १० ते १५ वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगतात, त्यामुळे जोडी जमवण्याची मला घाई नाही. परंतु जे दिसते आहे त्याचा अर्थ कसा लावावा, हे कळत नाही.

धाकटीला आधी वेगळ्या खोलीत ठेवून, नायटा किंवा जिआर्डियाचा (आतड्यातील सूक्ष्म परजीवीचा) संसर्ग नसल्याची खात्री पशुवैद्यांकडून करून घेतली आहे. आता दोघींचे पिंजरे शेजारी आहेत, मात्र मध्ये वीतभर अंतर राखले आहे, कारण गजांना बिलगून बसलेल्या चिंचिलाच्या पायाची बोटे पलीकडची सहज चावू शकते. एकमेकींचा वास ओळखीचा व्हावा म्हणून धूळस्नानाचे (बारीक धुळीत लोळून अंग साफ करण्याचे) भांडे आळीपाळीने एकच देते.

एवढे करूनही थोरली मागच्या पायांवर उभी राहून धाकटीच्या दिशेने लघवीची चिळकांडी मारते, आणि तिचा नेम असा की मध्ये येणाऱ्याची खैर नाही. दोघींनाही अपरिचित अशा जागेत माझ्या देखत भेट घडवली, तेव्हा तिने धाकटीचा पाठलाग केला, तिच्यावर चढण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी राखाडी केसांचा एक पुंजका फरशीवर राहिला. जखम कुठेही नव्हती. हे केवळ वर्चस्व ठरवणे आहे की भांडणाची सुरुवात? भेट नेमकी केव्हा थांबवावी? आणि पुढे पिंजरा एकच करायचा झाल्यास आतली रचना कशी असावी?

प्रतिसाद

आधी धाकटीचे लिंग तपासून घ्यावे. मादीच्या मूत्रमार्गाचा शंकूसारखा उंचवटा नराच्या अवयवासारखा दिसत असल्याने भल्याभल्यांची फसगत होते. पाहायचे ते उंचवटा आणि गुदद्वार यांमधील अंतर: नरात तेथे कातडीची स्पष्ट पट्टी दिसते, मादीत दोन्ही जवळजवळ चिकटून असतात. हा नर निघाला तर या वयात तो प्रजननक्षम असू शकतो. गर्भकाळ सुमारे १११ दिवसांचा असतो आणि व्यायल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. खच्चीकरणानंतरही नराला काही आठवडे वेगळेच ठेवावे लागते.

लघवी उडवणे, पाठलाग, चढणे हे माद्यांमध्येही वर्चस्वाचेच प्रकार आहेत. केसांच्या एका पुंजक्याने घाबरू नये, कारण पकडले गेल्यावर केस सोडून निसटणे ही चिंचिलाची बचावाची रीतच आहे. मात्र धाकटी कोपऱ्यात अडकून ओरडत असताना थोरली मागे हटत नसेल, कान किंवा पाय चावले जात असतील अथवा रक्त दिसले, तर भेट तत्काळ थांबवावी. मध्ये उघडा हात घालू नये, जाड टॉवेल टाकावा.

एकत्र पिंजऱ्यात गवत, पाण्याची बाटली आणि लपण्याचे घर हे सर्व दोन-दोन ठिकाणी हवे, आणि प्रत्येक घराला दोन दारे हवीत, म्हणजे आत बसलेलीची कोंडी होत नाही. फळ्या पायरीपायरीने बसवाव्यात. तळाला उघडी जाळी नको, तिने तळवे सोलतात. दोघींना सोडण्यापूर्वी पिंजरा धुऊन मांडणी बदलावी, नाहीतर थोरली त्यावर हक्क सांगते. नंतर दोघींचे वजन दर आठवड्याला ग्रॅममध्ये नोंदवावे. वरवर शांतता असून धाकटीचे वजन घटत असेल, तर तिला रात्री गवतापाशी येऊ दिले जात नसण्याची शक्यता असते.

मूळ प्रश्नकर्ती

आभारी आहे. लिंगाची तपासणी करून घेते, तोवर भेटी बंद ठेवते. दोघींचे जमलेच नाही तर?

प्रतिसाद

तर दोन पिंजरे कायमचे शेजारी ठेवावेत. आवाज आणि वास यांची सोबत तरीही मिळते. जमले तरी दुसरा पिंजरा मोडीत काढू नका, कारण वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या जोड्याही कधी कधी अचानक बिनसतात.