मदत हवी आहे: जुन्या मेलमधून गोडा मसाला कसा शोधू?

नमस्कार मंडळी,

आत्याने 2009 ते 2012 च्या दरम्यान कधीतरी गोडा मसाल्याचं प्रमाण मेलवर पाठवलं होतं. आत्या आता नाही, त्यामुळे विचारायची सोय नाही. मेल उडवलेला नाही, एवढं नक्की.

'मसाला' शोधलं तर दोनशेच्या वर मेल आले, बहुतेक जाहिराती. आत्याने 'मसाल्याचं' किंवा 'मसाल्यात' लिहिलं असेल तर 'मसाला' टाकून ते सापडतच नाही, कारण हा शोध अख्खा शब्दच जुळवतो. आपल्या सामान्यरूपाने असा घात केलाय! 'मसाल' एवढंच टाकलं तर काहीच येत नाही.

मग डोकं चालवलं. एरवी कुणी लिहिणार नाही असा शब्द घ्यावा, म्हणून 'दगडफूल'. शून्य! ऱ्हस्व 'दगडफुल' करून पाहिलं, 'नागकेशर' पाहिलं. कदाचित तिने रोमनमध्ये मराठी लिहिलं असेल, पण मग 'फूल' पीएचने की एफने, दोन ओ की एक यू, किती तऱ्हा करणार?

आत्याचा पत्ता आणि तारखांची मर्यादा घालूनही साडेतीनशे मेल उरतात. (निम्मे सुप्रभातचे.)

एकाच वेळी चार-पाच स्पेलिंगं 'किंवा' लावून शोधता येतात का? आणि तिने वर्ड फाइल जोडली असेल, त्यातही जुना, युनिकोड नसलेला फाँट (दिसायला देवनागरी, पण आत इंग्रजी अक्षरांचेच कोड) असेल, तर आतला मजकूर देवनागरीत शोधून सापडेल का? त्या काळात ती असा फाँट वापरायची, म्हणून शंका येते.