मदत हवी आहे: मोनोक्रोटॅलिन दिलेले रॅट २८ दिवस टिकत नाहीत

नमस्कार मंडळी. एम. फार्म.च्या प्रबंधासाठी फुप्फुसातल्या उच्च रक्तदाबाचं मॉडेल (रॅटमध्ये तो आजार मुद्दाम घडवणं) करतोय. हायपॉक्सिया चेंबर (कमी ऑक्सिजनची पेटी) कॉलेजात नाही, त्यामुळे १० टक्के ऑक्सिजनचं मॉडेल आणि सुजेन-हायपॉक्सिया (सुजेन हे रसायन आणि कमी ऑक्सिजन एकत्र) दोन्ही बाद. उरलं मोनोक्रोटॅलिन. (हे आपल्या खुळखुळ्याच्या भावकीतल्या झाडांतून मिळतं. लहानपणी ज्या शेंगा वाजवल्या त्याच कुळातलं विष आता मिलिग्रॅमच्या भावाने घेतोय!)

नर विस्टार (रॅटची एक जात), त्वचेखाली एकदाच ६० मि.ग्रॅ. प्रति किलो. पावडर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवून सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ वर आणली. पहिले दोन आठवडे सगळं ठीक. मग खाणं कमी, केस उभे, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसणं. ८ पैकी ३ चोविसाव्या दिवसाआधीच गेले. सरांना २८ दिवसच हवेत आणि प्राणी-प्रयोगांच्या नैतिकता समितीने मंजूर केलेले प्राणी मोजकेच आहेत. डोस ५० करू का? की माझंच काही चुकतंय?

प्रतिसाद १: मेलेल्यांची छाती उघडलीत का? मोनोक्रोटॅलिनचं खरं विष यकृतात तयार होतं, त्यामुळे नुसत्या यकृताच्या इजेनेही प्राणी जातो. तसा गेला असेल तर तो तुमच्या मॉडेलचा पुरावा नाही.

धागाकर्ता: उघडली. तिघांच्याही छातीत पिवळसर पाणी. उजवी जवनिका (हृदयाचा खालचा उजवा कप्पा) हाताला जाड लागत होती. फुल्टन इंडेक्स (उजव्या जवनिकेचं वजन भागिले डावी जवनिका अधिक मधला पडदा) ०.५५ च्या आसपास, कंट्रोलचा म्हणजे विष न दिलेल्यांचा ०.२६.

प्रतिसाद १: मग तुमचं काही चुकलेलं नाही. उजवं हृदय थकून गेलेत ते, म्हणजे मॉडेल जरा जास्तच लागलंय. डोसला हात लावण्याआधी शेवटचा दिवस २१ वर आणा. तोवर दाब चढलेला असतो. सर अडले तर जगण्याचा आलेख (कितव्या दिवशी किती जिवंत) वेगळा काढा, पण त्यात वजन किती घटलं की प्राण्याला वेदनारहित मरण देऊन प्रयोग थांबवायचा हे आधीच समितीकडून लिहून घ्या. औषध १४ व्या दिवसापासून द्या. पहिल्या दिवसापासून दिलंत तर परीक्षक विचारणारच, बरं केलंत की होऊच दिलं नाहीत? या मॉडेलमध्ये रॅट बरे करणारी औषधं ढीगभर आहेत, माणसात त्यातली फार थोडी टिकली. निष्कर्ष लिहिताना हात आखडता ठेवा.

धागाकर्ता: २१ पटलं. उद्या सरांना फुल्टनचे आकडेच दाखवतो. वजनं मात्र आठवड्यातून एकदाच घेत होतो, आता रोज घेईन.