मदत हवी आहे: शेवटच्या मॅचला ड्रॉ पुरेसा आहे, मग टीमने खेळायचं तरी कसं?

नमस्कार मंडळी,

रविवारी आमच्या फुटबॉल लीगची शेवटची मॅच आहे आणि डोक्यात दुसरं काही येतच नाहीये, जाणकारांनी जरा नीट समजावून सांगा. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कोणाचा क्लब भारी यावरच दोनशे प्रतिसाद पडतील. परिस्थिती अशी की आम्ही टेबलमध्ये २ पॉइंटने पुढे, मॅच नेमकी दुसऱ्या नंबरच्या टीमशी, आणि तीही त्यांच्या मैदानावर. ड्रॉ झाला तरी टायटल आमचं, हरलो तर त्यांचं.

सीझनभर आम्ही ४-३-३ (चार डिफेंडर, तीन मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड) खेळलोय, डिफेन्स पार हाफ लाइनजवळ, बॉल गेला की तिथल्या तिथे प्रेस, म्हणजे परत घ्यायला लगेच अंगावर जायचं, आणि त्याच्याच जोरावर इथवर आलोय. पण आमचा लेफ्ट बॅक (डावीकडचा डिफेंडर) कार्डांमुळे बाहेर आणि त्यांचा राइट विंगर भयंकर फास्ट, मागच्या मोकळ्या जागेत बॉल पडला की तो सुटलाच. त्यामुळे ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत, अर्धे म्हणतात ५-४-१ करा आणि बॉक्ससमोर भिंत उभी करा, बाकीचे म्हणतात जे खेळत आलोय तेच खेळा, शेवटच्या दिवशी नवीन काही नको.

मला भीती वाटते ती २०१४ च्या लिव्हरपूलची. इंग्लंडच्या लीगमध्ये २७ एप्रिलला त्यांच्या अॅनफिल्ड मैदानावर चेल्सी आली होती, लिव्हरपूल सलग ११ मॅच जिंकून आलेले आणि ड्रॉ झाला असता तरी टायटल त्यांच्याच हातात राहत होतं. ते मात्र नेहमीसारखे पुढेच चढले, चेल्सीचा कोच मोरिन्होने सगळी टीम मागे बसवली, हाफटाइमच्या तोंडावर लिव्हरपूलचा जेरार्ड घसरला आणि चेल्सीचा डेंबा बा एकटाच पुढे निघून गेला आणि गोल. सगळे घसरण्याबद्दलच बोलतात, पण त्याच्या मागे जागा केवढी मोकळी होती ते बघा ना. ०-२ हरले, टायटल गेलं, शेवटी टेबलमध्ये मँचेस्टर सिटी ८६ पॉइंट आणि लिव्हरपूल ८४.

तर विचारायचं हे की ड्रॉ चालणार असताना डिफेन्सची लाइन किती मागे घ्यायची? आणि कोच काय ठरवून आलाय हे पहिल्या १०-१५ मिनिटांत ओळखायचं कशावरून?

प्रतिसाद:
मागे बसा. ड्रॉ पुरेसा असताना त्या विंगरला पळायला मैदान द्यायचं हे मला तरी पटत नाही.

प्रतिसाद:
वरच्या मताशी अजिबात सहमत नाही. ९० मिनिटं बॉक्ससमोर बसायचं म्हणजे कॉर्नर, फ्री किक, रिबाउंड, डिफ्लेक्शन हे सगळं समोरच्याला फुकट देणं आहे, त्यातलं एक जरी आत गेलं तरी तुम्हाला उठून खेळावं लागतं आणि तोपर्यंत पायातली लय गेलेली असते.

धागाकर्त्याने २०१४ काढलंच आहे तर त्याच वर्षीची दुसरी मॅच बघा, १७ मे, स्पेनच्या लीगची शेवटची मॅच, बार्साच्या कँप नोउ मैदानावर, बार्सिलोना विरुद्ध अॅटलेटिको. सेम टू सेम तुमचीच केस! अॅटलेटिको ३ पॉइंटने पुढे, ड्रॉ पुरेसा, हरले तर पॉइंट बरोबरीत येऊन आपसातल्या मॅचेसच्या हिशोबावर टायटल बार्साला. आणि त्यात पहिल्या अर्ध्या तासातच अॅटलेटिकोचे दिएगो कोस्टा आणि आर्दा तुरान दोघंही दुखापत होऊन बाहेर, वर बार्साच्या अॅलेक्सिस सांचेझचा तो गोल. बसायलाच आलेली टीम असती तर तिथेच संपली असती. पण हाफटाइमनंतर पहिली काही मिनिटं ते पुढे चढून आले, कॉर्नर मिळवला, गोदिनने हेडर मारला, १-१. त्याच्यानंतर ते मागे गेले, चार-चारच्या दोन ओळी एकमेकींना चिकटून, मधली जागा बंद, खेळायचं तर बाहेरून क्रॉस टाका. त्यांचा कोच सिमिओनेचं मला हेच आवडतं, मागे कधी जायचं ते त्याची टीम ठरवायची, समोरच्याने ढकललं म्हणून नाही.

म्हणून माझं मत, पहिली २० मिनिटं नेहमीचाच प्रेस, फक्त दोन्ही फुल बॅक (कडेचे डिफेंडर) एकदम वर सोडायचे नाहीत. एक गेला की दुसरा सेंटर बॅकसोबत (मधल्या डिफेंडरसोबत) थांबला पाहिजे आणि त्यांच्यापुढे डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. २०१४ ला लिव्हरपूलकडे हीच मागची माणसं कमी पडली असं माझं मत आहे.

धागाकर्ता:
खूप धन्यवाद, अॅटलेटिकोची ती मॅच मी फक्त हायलाइट्समध्ये बघितली होती, आता पूर्ण बघतो. पण लेफ्ट बॅकचं काय करायचं? बदली म्हणून एकतर अकादमीतला पोरगा आहे, डावखुरा, फास्ट पण कच्चा, नाहीतर आमचा तिसरा सेंटर बॅक, तो उजव्या पायाचा.

प्रतिसाद:
त्यांचा विंगर डावखुरा आहे का? म्हणजे उजवीकडून आत कट मारून शॉट घेणारा? तसं असेल तर उजव्या पायाचा सेंटर बॅक डावीकडे चालून जाईल कारण विंगर आत वळला की तो त्याच्या चांगल्या पायावरच येतो. विंगर बाहेरून लाइनवर पळणारा असेल तर मात्र डावखुरा पोरगाच बरा, सेंटर बॅकला तिकडे वळून पळायलाच वेळ लागेल.

पण एक सांगू का, विंगरपेक्षा त्याला पास देणारा कोण आहे ते बघा. हाय लाइन, म्हणजे डिफेन्स वर हाफ लाइनजवळ ठेवणं, ही पास देणाऱ्यावर प्रेशर आहे तोवरच सेफ. त्याला मान वर करून बघायला एक सेकंद मिळाला की चारही डिफेंडरनी त्याच क्षणी मागे पळायला सुरुवात करायची, पास सुटायची वाट बघायची नाही, नुसत्या ऑफसाइडच्या भरवशावर उभं राहणं म्हणजे जुगार. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे, बॉल त्यांच्या सेंटर बॅककडे असताना तुमचा स्ट्रायकर त्याच्या अंगावर जातोय की सेंटर सर्कलपाशी थांबतोय ते बघा. थांबत असेल तर समजा मिड ब्लॉक आहे, म्हणजे टीम ना पार वर ना बॉक्ससमोर, मैदानाच्या मधल्या भागात थांबलीय, आणि तुमच्या केसमध्ये मला तोच बरोबर वाटतो. गोलकीपरकडेही लक्ष ठेवा, बॉक्सच्या बाहेर येऊन उभा असेल तर लाइन वर ठेवायचंच ठरलंय.

प्रतिसाद:
+१, मिड ब्लॉक. आणि शेवटच्या १० मिनिटांबद्दल कोणीच बोललं नाहीये. १९८९ ची अॅनफिल्डची मॅच आठवा, २६ मे, लिव्हरपूल एका गोलने हरले असते तरी चॅम्पियन, आर्सेनलला दोन गोलने जिंकायचंच होतं. आर्सेनलचा कोच जॉर्ज ग्रॅहमने त्या दिवशी उलट तीन सेंटर बॅक खेळवले, हाफटाइमला ०-०, मग आर्सेनलच्या अॅलन स्मिथचा हेडर आणि इंज्युरी टाइममध्ये त्यांचा गोलकीपर लुकिचने डिक्सनकडे बॉल टाकला, डिक्सनचा लांब पास स्मिथकडे, तिथून मायकेल थॉमस आणि गोल. दोघांचे ७६ पॉइंट, गोल डिफरन्सही (केलेले वजा खाल्लेले गोल) सेम, जास्त गोल केले म्हणून आर्सेनल. म्हणजे टीम मागे बसली की पुढे हे नुसत्या फॉर्मेशनवरून कळत नाही.

त्यामुळे पाच बदली खेळाडू (सब्ज) असतात त्यातले दोन तरी शेवटच्या २० मिनिटांसाठी राखून ठेवायला हवेत, आणि त्यात एक ताजा फास्ट विंगर पाहिजेच म्हणजे बॉल क्लिअर केला की पुढे कोणीतरी पकडेल, नाहीतर तो भिंतीवर आपटल्यासारखा परत तुमच्याच बॉक्समध्ये. गोलकीपरने बॉल धरून वेळ काढायचं तर विसराच, आता ८ सेकंदांच्या वर हातात ठेवला की समोरच्यांना थेट कॉर्नर मिळतो.

धागाकर्ता:
हा कॉर्नरचा नियम आमच्या बाबतीत घातकच ठरेल, आम्ही कॉर्नरला झोनल उभे राहतो, म्हणजे माणसामागे न जाता प्रत्येकाने आपली जागा धरायची, आणि फार पोस्टवर (गोलच्या लांबच्या खांबापाशी) या सीझनला खूप मार खाल्लाय. त्यांचा विंगर डावखुराच आहे, आत कट मारणारा, म्हणजे सेंटर बॅकला डावीकडे खेळवला तर उंचीपण वाढते आणि कॉर्नरला फार पोस्टवर त्यालाच ठेवता येईल. हे जमेल ना? की एवढ्यासाठी डावीकडचा अटॅक कमी करणं महागात पडेल?

प्रतिसाद:
जमेल. डावीकडचा अटॅक तुमच्या लेफ्ट विंगरला एकट्याने ओढावा लागेल पण ड्रॉ पुरेसा असताना एवढी किंमत चालते. फक्त पोराला बेंचवर नक्की ठेवा, ०-१ झालं तर तोच लागेल.