मदत हवी आहे : एनसीएए स्पर्धेतील कामगिरीवरून बास्केटबॉल प्रशिक्षकांची क्रमवारी कशी लावावी?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतील पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलची एनसीएए (तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेची) स्पर्धा दर मार्चमध्ये होते. तिच्यातील जय-पराजयावरून आजवरच्या प्रशिक्षकांची क्रमवारी लावण्याचे काम मी हाती घेतले आहे. आकडे मिळाले, तक्ताही तयार झाला. पण तो पाहून समाधान होत नाही. संख्याशास्त्राचे आणि या खेळाचे जाणकार इथे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

विजयांची टक्केवारी हा सर्वांत सरळ निकष. त्यानुसार यूसीएलए (लॉस एंजेलिसमधील विद्यापीठ) संघाचे जॉन वुडन ४७ विजय आणि १० पराभवांसह ८२.५ टक्क्यांवर आहेत, ड्यूकचे माइक शशेव्हस्की १०१ विजय आणि ३१ पराभवांसह ७६.५ टक्क्यांवर, तर कॅन्सस आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन्ही संघांचे प्रशिक्षक राहिलेले रॉय विल्यम्स ७९ विजय आणि २७ पराभवांसह ७४.५ टक्क्यांवर. इथवर कोणाची हरकत नसावी. मात्र यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ) संघाचे डॅन हर्ली २०२५ पर्यंत १५ विजय आणि ५ पराभव, म्हणजे ७५ टक्के मिळवून विल्यम्स यांच्या पुढे जातात. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन विजेतेपदे हर्ली यांनी मिळवली, तीही सर्व १२ सामने दहाहून अधिक गुणांच्या फरकाने जिंकून, याचे मोल मला पुरेपूर मान्य आहे. तरीही सात स्पर्धांची कमाई तीस स्पर्धांच्या कमाईच्या वर ठेवणे मनाला पटत नाही. १९८९ मध्ये स्पर्धेच्या तोंडावर मिशिगनची सूत्रे अचानक स्टीव्ह फिशर यांच्याकडे आली आणि त्यांनी सहाच्या सहा सामने जिंकून विजेतेपद पटकावले. त्या दिवशी क्रमवारी लावली असती, तर १०० टक्क्यांसह ते वुडन यांच्याही वर दिसले असते.

यावर उपाय म्हणून मी प्रत्येकाच्या खात्यात १० काल्पनिक विजय आणि १० काल्पनिक पराभव मिळवून पाहिले. त्यामुळे शशेव्हस्की ७३, विल्यम्स ७०.६ आणि हर्ली ६२.५ टक्क्यांवर येतात. हा क्रम मला न्याय्य वाटतो; पण दहा हा आकडा मी अंदाजाने घेतला आहे. तो उपलब्ध आकड्यांवरूनच काढण्याची रीतसर पद्धत कोणी समजावून सांगेल का?

दुसरी अडचण वुडन यांच्या आकड्यांची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका वर्षी जास्तीत जास्त एकदाच हरता येते, त्यामुळे एकूण पराभव म्हणजे जितक्या वेळा स्पर्धेत उतरलो त्यातून विजेतेपदे वजा केली की उरणारी संख्या. शशेव्हस्की ३६ वेळा उतरले, पाच वेळा जिंकले, म्हणून ३१ पराभव. त्यांतला शेवटचा २०२२ च्या उपांत्य सामन्यात शेजारच्याच नॉर्थ कॅरोलायनाकडून, ८१-७७ असा. वुडन मात्र १६ वेळा उतरून १० वेळा विजेते ठरले, म्हणजे पराभव सहाच असायला हवेत, पण नोंद दहांची आहे. उरलेले चार त्या काळी हरलेल्या संघांमध्ये तिसऱ्या स्थानासाठी होणाऱ्या सामन्यांतले आहेत. विभागीय पातळीवर ते १९७५ पर्यंत आणि अंतिम टप्प्यात १९८१ पर्यंत खेळवले जात. असे सहा सामने (दोन विजय, चार पराभव) वगळले, तर वुडन ४५-६, म्हणजे ८८ टक्क्यांवर पोहोचतात. ते वगळावेत असे माझे मत आहे, कारण विजेतेपदाची आशा संपल्यावरच्या सामन्याची तुलना आजच्या कोणत्याही सामन्याशी होऊ शकत नाही.

तथापि, काळाचा फरक वुडन यांच्या बाजूनेही झुकलेला आहे. १९६४ ते १९७३ मधील त्यांच्या नऊ विजेतेपदांपैकी प्रत्येकासाठी चारच सामने जिंकावे लागले. १९८५ पासून सहा लागतात. शिवाय १९७४ पर्यंत एका कॉन्फरन्समधून (म्हणजे कॉलेजांच्या एका गटातून) एकाच संघाला प्रवेश असे. त्याच वर्षी एसीसी या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात मेरिलँडचा संघ नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून जादा वेळेत १०३-१०० असा हरला आणि घरी बसला, तर जिंकलेला संघ पुढे उपांत्य सामन्यात यूसीएलएला नमवून विजेता ठरला. म्हणजे आज सहज प्रवेश मिळाला असता असे बलाढ्य संघ वुडन यांच्या वाटेत आलेच नाहीत. चार सामन्यांचे आणि सहा सामन्यांचे विजेतेपद एका मापात कसे बसवावे?

मानांकनावरून (स्पर्धेआधी संघांना दिलेल्या क्रमांकावरून) अपेक्षित विजय काढून प्रत्यक्ष विजयांशी ताडून पाहावे, असे अनेक जण सुचवतात. परंतु सर्व संघांना मानांकन देण्याची पद्धत १९७९ मध्ये सुरू झाली, त्यामुळे वुडन यांना ती लागू पडत नाही. आणखी एक आक्षेप आहे. वर्षभर उत्तम खेळून पहिले मानांकन मिळवणे हीदेखील प्रशिक्षकाचीच करामत. मग त्याच मानांकनामुळे त्याच्याकडून तीनाहून अधिक विजयांची अपेक्षा धरून गुण कापणे कितपत योग्य? व्हर्जिनियाचे टोनी बेनेट २०१८ मध्ये पहिले मानांकन असताना सोळाव्या, म्हणजे तळाच्या मानांकित यूएमबीसी संघाकडून पहिल्याच सामन्यात हरले आणि पुढच्याच वर्षी विजेते झाले. कोणतेही सूत्र या दोन वर्षांची बेरीज काय देते, यावर मी ते पारखणार आहे.

किरकोळ शंका दोन. लुइव्हिलचे २०१३ चे विजेतेपद एनसीएएने नंतर रद्द केले; तेव्हाचे प्रशिक्षक रिक पिटिनो यांच्या खात्यात ते विजय धरावेत का? माझा कल मैदानावरचा निकाल धरून शेजारी खूण करण्याकडे आहे. तसेच २०२१ मध्ये कोविडमुळे व्हीसीयू आणि ऑरेगन या संघांचा सामना झालाच नाही आणि ऑरेगनला पुढे चाल मिळाली. तो मी कोणाच्याही खात्यात धरलेला नाही. कोणाला वेगळे वाटत असल्यास कारणासह लिहावे.

कोणी आर किंवा पायथन या संगणकीय भाषांमध्ये असे काम केले असेल, तर पद्धतीचे टप्पे मराठीतूनच लिहावेत ही विनंती. मी माझा तक्ता प्रतिसादात चिकटवतो.