मदत हवी आहे: बॉल पायथन गोठवलेला उंदीर तोंडात घेत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकाच्या हट्टापायी महिन्यापूर्वी बॉल पायथन (अजगराची एक लहान जात) घरी आला. वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. आधीच्या मालकाकडे तो जिवंत उंदीर खायचा. ते मला बघवत नाही, आणि उंदीर उलटून चावला तर सापालाच जखम होते, म्हणून गोठवलेले आणले. फ्रीजरमध्ये मटार आणि खोवलेल्या नारळाशेजारी तो डबा ठेवलाय. (सासूबाई जूनमध्ये येणार आहेत, त्याचं काय करायचं ते नंतर बघू!)

उंदीर रात्रभर खाली फ्रिजमध्ये ठेवते, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह अजिबात नाही. चिमट्याने शेपटीकडून धरून हलवते. तो जीभ लपलपवत जवळ येतो, मान इंग्रजी एससारखी वळवतो, आता झडप घालणार असं वाटतं आणि गपकन मागे जाऊन लपतो. असं तीनदा झालं. तीन उंदीर कचऱ्यात. पेटीची उबदार बाजू ३२ अंश सेल्सिअस आहे, गार बाजू २६.

हे साप आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतात हे ठाऊक आहे, तरी जीव खालीवर होतो. ओठांवरच्या खाचांनी त्यांना उष्णता कळते, मग उंदराचं डोकं हेअर ड्रायरने जास्त तापवून पाहू का? की रात्री अंधारात त्याच्या लपायच्या जागेसमोर ठेवून द्यावा? वजन किती घटलं की डॉक्टरकडे न्यायचं? कुणी जिवंतवरून गोठवलेल्यावर सवय लावली असेल तर प्लीज सांगा.