घराखाली स्कंक शिरलाय, वास घरभर. तातडीने मदत हवी आहे

सुहास_प
रात्री दीड-दोनच्या सुमारास घरात असा काही वास सुटतो की सगळे उठून बसतात. बायकोला वाटलं गॅस गळतोय. गॅस कंपनीचा माणूस आला, यंत्र फिरवून बघितलं, गळती नाही म्हणाला आणि जाता जाता हसत म्हणाला, स्कंक आहे, म्हणजे तो काळा-पांढरा, घाण वासाचा फवारा मारणारा प्राणी. आता घरात गरम-गार हवा सोडणारा ब्लोअर लावला की जमिनीतल्या जाळ्यांमधूनही तोच वास. कपाटातल्या शर्टांना लागलाय, ऑफिसात लोक खुर्च्या लांब सरकवतात. प्राणी घराखाली राहतोय हे नक्की. उद्या सकाळी ९ ला हँडीमन (किरकोळ दुरुस्त्या करणारा) येतोय, भोक विटा-सिमेंटने बुजवून टाकणार. तो विषय मिटला. मला फक्त एवढंच सांगा, घरातला वास कशाने जाईल? घरगुती उपाय चालेल. जरा लवकर सांगा.

खडूस काकू
टोमॅटो! आमच्या लॅब्राडॉरला बसला होता फवारा. टोमॅटोच्या रसाचे मोठे डबे आणून टबात ओतले, त्यात त्याला बसवला, चोळून चोळून धुतला. वास बराच गेला. टब मात्र आठवडाभर घासत होते.

रसायनी
काकू, वास गेला नव्हता, तुमचं नाक थकलं होतं. एकच उग्र वास सतत घेतला की नाक त्याची नोंद घेणं सोडून देतं आणि वर टोमॅटोचा ताजा वास आला की गेल्यासारखं वाटतं. बाहेरून आलेल्या माणसाला विचारलं असतंत तर खरं कळलं असतं.
स्कंकच्या फवाऱ्यात थायॉल असतात, म्हणजे गंधकाची संयुगं. आपल्याकडे सिलिंडरच्या गॅसला वास यावा म्हणून जे मर्केप्टन घालतात ते याच घराण्यातलं. म्हणून तुमच्या बायकोला गॅस वाटला, त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी केलं तेच बरोबर, असा वास आला की आधी गॅसवाल्यांनाच फोन.
थायॉल धुऊन निघत नाहीत, त्यांचं ऑक्सिडेशन करावं लागतं. पॉल क्रेबॉम नावाच्या केमिस्टची कृती १९९३ मध्ये छापून आली, ती आजही चालते: ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड १ क्वार्ट (साधारण ९५० मिली), बेकिंग सोडा पाव कप, भांडी घासायचा लिक्विड सोप एक-दोन चमचे. लगेच वापरायचं, पाच मिनिटं ठेवून धुवायचं, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही. उरलं तर ओतून टाका. बाटलीत भरून झाकण लावलंत तर आत ऑक्सिजन साठून बाटली फुटते.

सुहास_प
धन्यवाद, पण हे घरात कुठे लावू? भिंतींना?

रसायनी
नाही हो. ते कुत्र्यासाठी, अंगासाठी. कपड्यांचा आणि गालिच्याचा रंग उडेल. घरासाठी खिडक्या उघडा, ब्लोअरचा फिल्टर बदलून ॲक्टिव्हेटेड कार्बनचा घाला. आणि ओल टाळा. फवाऱ्यात थायॉलचीच थायोॲसिटेट नावाची संयुगंही असतात, ती पाणी लागलं की हळूहळू पुन्हा थायॉल सोडतात. दमट दिवशी गेलेला वास परत येतो तो त्यामुळे.

नंदिनी_सॅक
थांबा थांबा. वासाचं राहू द्या. कुठल्या राज्यात आहात? भोक नेमकं कुठे आहे? आत एकच आहे का आणखी कोणी? कुत्रा आहे का घरात? आणि हँडीमनला आत्ताच्या आत्ता नाही कळवा.

सुहास_प
राज्याचा काय संबंध? वास सगळीकडे सारखाच येत असेल. कॅलिफोर्निया, फ्रीमाँट. भोक घराच्या बाजूला, क्रॉलस्पेसच्या (घराखालच्या बुटक्या पोकळीच्या) व्हेंटपाशी, म्हणजे हवेच्या झरोक्यापाशी. जाळी एका कोपऱ्यात आत वाकलीये, तारेला काळे-पांढरे केस अडकलेत. खाली माती उकरलेली. आत किती आहेत ते मी काय वाकून मोजू?

दापोलीकर
आमच्या घरी माळ्यावर उदमांजर होतं. रात्रभर कौलांवर धाडधाड, फणस पिकले की विचारूच नका. पण त्याला वास यायचा तो आंबेमोहोर शिजवल्यासारखा, उलट भूकच लागायची. सांगायचा मुद्दा, आजीने सुक्या मिरचीची धुरी दिली आणि माळ्यावर डांबराच्या गोळ्या टाकल्या, गेलं. करून बघा.

नंदिनी_सॅक
दापोलीकर, प्लीज! घराखाली डांबराच्या गोळ्या टाकल्या तर ती वाफ त्याच जाळ्यांमधून यांच्या बेडरूममध्ये येईल. शिवाय इथे कीटकनाशक पाकिटावर लिहिलेल्या कामाखेरीज वापरणं बेकायदेशीर आहे. मिरचीची धुरी लाकडी घराखाली? अग्निशमन दलाचा नंबर पण देऊन ठेवा मग.

दापोलीकर
अहो, अनुभव सांगितला. घर चिऱ्याचं होतं आमचं. हलके घ्या.

टोरांटोचा बंड्या
एवढा विचार कशाला? वन-वे डोअर लावा. इथे टोरांटोत गल्लीबोळात स्कंक आहेत, कचऱ्याच्या दिवशी आदल्या रात्री तर जत्रा असते. भोकावर झडपेचं दार बसवायचं, बाहेर ढकलता येतं, आत येता येत नाही. रात्री जेवायला बाहेर पडला की घराबाहेर. आमच्याकडे दोन दिवसांत काम झालं. पिंजऱ्याच्या भानगडीत पडू नका, ओंटॅरिओत पकडलेला प्राणी १ किमीच्या आतच सोडावा लागतो, म्हणजे तो परत तुमच्याकडेच.

पाटीलबुवा
काही दार-बिर नको. हार्डवेअरच्या दुकानात पिंजरा मिळतो, आत कॅटफूड ठेवायचं, सापडला की वरून जुनी चादर टाकायची. अंधार झाला की तो सहसा फवारत नाही. गाडीत घालून डोंगरात सोडून यायचं. आमच्या गल्लीत सगळे हेच करतात.

नंदिनी_सॅक
पाटीलबुवा, गल्लीत सगळे करत असतील, पण कॅलिफोर्नियात पकडलेला स्कंक दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही. जागच्या जागी सोडा नाहीतर मारा, असा नियम आहे. कारण रेबीज. या राज्यात रेबीज सापडतो तो मुख्यतः वटवाघळांत आणि स्कंकमध्ये. म्हणूनच मी राज्य विचारलं होतं, सुहासराव.
आणि बंड्या, तुम्ही दार कुठल्या महिन्यात लावलं होतं?

टोरांटोचा बंड्या
ऑक्टोबर असेल. का?

नंदिनी_सॅक
कारण आत्ता मे चाललाय. स्कंकचा मीलनाचा हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये, पिल्लं मेच्या आसपास. चार ते सात तरी असतात, पहिले तीन आठवडे डोळेही उघडलेले नसतात. आता दार लावलंत की आई बाहेर आणि पिल्लं आत. ती दुसरी जाळी फाडून आत शिरेल. विटांनी बुजवलंत तर त्याहून वाईट, सगळी आतच अडकतील, नाहीतर पिल्लं आत मरतील. मग जो वास येईल त्यावर पेरॉक्साइड चालत नाही. मी कित्येक वर्षं प्राणी वाचवणाऱ्या केंद्रात स्वयंसेवक आहे. दर उन्हाळ्यात अशी पोरकी पिल्लं खोक्यातून येतात आणि दरवेळी गोष्ट हीच, कोणीतरी सकाळी भोक बुजवलेलं असतं.

सुहास_प
बरं, पण बुजवायचं नाही तर वास सहन करायचा का? आई आलीये भारतातून, तिला रात्री झोप नाही. ती म्हणते या घराची वास्तूच बदला.

खडूस काकू
वास्तुशांत केली होती का? नसेल तर करून घ्या, फ्रीमाँटात गुरुजी सहज मिळतात. स्कंकसाठी नाही म्हणत, एकूणच.

रात्रकिडा
मला एक कळत नाहीये. मादी पिल्लांपाशी असताना स्वतःच्याच बिळात रोज फवारा का मारेल? फेब्रुवारीत समजू शकतो, तेव्हा नको असलेल्या नराला मादी फवारते आणि लोकांना वाटतं घराखाली काय चाललंय. एरवी तो प्राणी फार काटकसरी आहे. आधी पुढचे पाय आपटतो, फुस्स करतो, शेपूट उभारतो, मगच. फवारा भरून यायला दिवस लागतात, उगाच उधळत नाही. तुमच्याकडे त्याला रोज रात्री दीडला कोण डिवचतंय?

सुहास_प
कोणी नाही. त्या वेळी आम्ही झोपलेले असतो. ब्रूनोला शू करायला सोडतो तेवढंच.

रात्रकिडा
ब्रूनो कोण?

सुहास_प
कुत्रा. बीगल.

नंदिनी_सॅक
सुहासराव!! मी दोनदा नाही, पण एकदा तरी स्पष्ट विचारलं होतं, कुत्रा आहे का. बीगल त्या व्हेंटपाशी जाऊन भुंकतो का?

सुहास_प
भुंकतो ना. रोज तिथेच जातो. नाक घालतो जाळीत. त्याला वास येत असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. त्याच्या अंगाला फारसा वास नाही येत.

रसायनी
तुमच्या नाकाला येत नाही.

रात्रकिडा
मिळालं उत्तर. तो नाक घालतो, आई दाराशी येऊन फवारते, घराखालची हवा वर घरात. कुत्र्याला आज रात्रीपासून पट्टा बांधून घराच्या दुसऱ्या बाजूला न्या, अर्धा वास तिथेच थांबेल. रेबीजची लस झाली आहे ना त्याची? नाकावर ओरखडा वगैरे असेल तर व्हेटला बूस्टरचं विचारा.
आणि अंगणात खायला काय मिळतंय तेही बघा. बाहेर कॅटफूड? पडलेली फळं? हिरवळीत लहान लहान, बोट घालून उकरल्यासारखे खड्डे दिसतात का?

सुहास_प
कॅटफूड नाही. खड्डे आहेत, मला वाटलं खारी. आई रोज संध्याकाळी कुंपणाजवळच्या कट्ट्यावर दहीभात ठेवते, कावळ्यांना म्हणून. कावळे सकाळी येतात पण सकाळी ताटली चाटूनपुसून स्वच्छ असते. आई खूश आहे.

पाटीलबुवा
रोज केटरिंग आहे म्हटल्यावर कोण जाणार? मी असतो तर मीही राहिलो असतो.

मोगरा
खरं तर त्याने तुमचं बरंच काम केलंय. ते खड्डे हुमण्यांसाठी असतात, मातीतल्या अळ्या. हिरवळीची मुळं त्या खातात आणि स्कंक त्यांना खातो. उंदीर, गोगलगायी, यलोजॅकेट गांधीलमाश्यांची पोळीसुद्धा जमिनीतून उकरून खातो. आमच्याकडे एक वर्षानुवर्षं येतो, संध्याकाळी कुंपणाखालून रमतगमत निघतो, मी चहा घेत बसलेली असते. मी हळू बोलते, तो आपल्या वाटेने जातो. दिसायलाही फार देखणा.

टोरांटोचा बंड्या
मोगरा, तुमच्या घराखाली बाळंतपण झालं की बोलू.

मोगरा
झालंय. शेडखाली. जुलैत सगळी एका रांगेत आईमागून चालत गेली आणि परत आली नाहीत. शेड तिथेच आहे, मीही.

सुहास_प
अपडेट. हँडीमनला नको सांगितलं, तो रद्द केल्याचे पैसे मागतोय. रात्री नंदिनीताईंना फोन... म्हणजे मेसेज केला, त्यांनी भोकासमोर पीठ पसरायला सांगितलं. घरात मैदा नव्हता, आईने ज्वारीचं पीठ दिलं, कटकट करत. सकाळी पावलं बाहेर जाताना आणि परत येताना, दोन्ही. पाच बोटं, पुढच्या पंजापुढे नखांच्या लांब रेघा. जमिनीला कान लावला तर खाली बारीक चूं चूं. काऊंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) व्हेक्टर कंट्रोलला, रोग पसरवणाऱ्या प्राण्यांचं बघणाऱ्या खात्याला, फोन केला होता, त्यांचा माणूस येऊन फुकट बघून गेला. तोही तेच म्हणाला, पिल्लं आहेत, आत्ता बुजवू नका. पण म्हणजे किती दिवस? मला तारीख पाहिजे.

नंदिनी_सॅक
तारीख स्कंकला विचारा :) साधारण सहा ते आठ आठवड्यांची झाली की दूध सुटतं आणि ती आईबरोबर बाहेर पडू लागतात. जूनअखेर, जुलै. त्या आधी दिवसाउजेडी आई दिसली तर लगेच रेबीज म्हणून घाबरू नका, पोरं भुकेली असली की आया दिवसाही निघतात. धडपडत, तोल जात चालत असेल, विनाकारण अंगावर येत असेल, तर मात्र लांब राहून काऊंटीला फोन.
आई पोरांना घेऊन निघायला लागली की भोकात वर्तमानपत्राचे बोळे सैल कोंबा. दोन-तीन रात्री ते जागचे हलले नाहीत तर आत कोणी नाही. मगच बंद करायचं. शंका असेल तर बंड्यांचं वन-वे डोअर तेव्हा लावा, तेव्हा ते चांगलंच आहे.

टोरांटोचा बंड्या
मी हेच तर म्हणत होतो.

नंदिनी_सॅक
तुम्ही मेमध्ये म्हणत होता.

सुहास_प
तोवर आईचा दहीभात? ती ऐकत नाहीये. म्हणते कावळ्याला नाही म्हणायचं नसतं.

खडूस काकू
सकाळी ठेवायला सांगा. कावळा सकाळीच येतो. खाल्लं की ताटली उचला. आमच्याकडे वर्षश्राद्धालासुद्धा सकाळीच ठेवतात, संध्याकाळी कोण ठेवतं?

सुहास_प
हे पटलं तिला. काकू, धन्यवाद. कायमची जाळी कुठली घेऊ? दुकानात कोंबड्यांच्या खुराड्याची आहे, स्वस्त आहे.

रात्रकिडा
ती नको, ती वाकते, आधीची कशी वाकली ते बघितलंत ना. हार्डवेअर क्लॉथ मागा, म्हणजे ताठ तारेची जाळी, गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली), अर्ध्या इंचाच्या चौकोनांची. व्हेंटच्या चौकटीला स्क्रू आणि वॉशरने पक्की करा, नुसत्या स्टेपलने नाही. खाली माती उकरलेली आहे तिथे जाळी जमिनीत सहा-आठ इंच उतरवून मग बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवा, इंग्रजी एल सारखी, आणि वर माती. स्कंक भिंतीलगत उकरतो, जाळी लागली की सोडून देतो. मागे सरकून लांबून उकरायची अक्कल त्याला नाही. बाकीचे व्हेंटही एकदा फिरून तपासा, एक बंद झाला की तो पुढचा शोधतो.
आणि ब्रूनोच्या लसीचं काय झालं? ते अजून सांगितलं नाहीत.